सर म्हणतात, शंका आली की ऊर्जा तुटते

मावशी, नमस्कार.

मी बेळगावात वडगावला राहते. वय ३४. मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत आहेत. दोन वेळा दिवस राहून गेले, त्यानंतर दीड वर्ष मला झोप नव्हती. शेजारच्या वहिनींनी रेकीच्या, म्हणजे हातांनी ऊर्जा देऊन बरं करण्याच्या वर्गाला नेलं. पहिली पातळी झाली आणि मी झोपायला लागले. म्हणून सरांना मी देवाच्या जागी मानते. दुसरी पातळीही झाली. आता मी वर्गात सरांना मदत करते, दोघातिघांना स्वतः हीलिंग देते. सगळे अक्का म्हणतात.

पाच महिन्यांपासून वर्ग संपला की सर मला थांबवतात. दार लावून घेतात. तुझं अनाहत चक्र बंद आहे, स्वाधिष्ठान चक्रात जुनं दुःख अडकलंय, असं म्हणून छातीवर आणि ओटीपोटावर हात ठेवतात. एकदा मी अंग चोरलं तर म्हणाले, शंका आली की ऊर्जा तुटते. मिस्टरांना सांगू नकोस, त्यांची ऊर्जा खालची आहे, असंही सांगितलंय. गेल्या महिन्यात म्हणाले, मागच्या जन्मी आपण नवरा-बायको होतो. थायरॉईडची गोळी सोडून बघ म्हणाले. गुरुपौर्णिमेला आंबोलीत तीन दिवसांचं शिबिर आहे, तिथं मला तिसरी पातळी देणार आहेत. फी नको, तू वेगळी आहेस, म्हणतात. आणि नाही आलीस तर दिलेली शक्ती परत जाईल.

खोटं कशाला लिहू, सुरुवातीला मला त्यांचं लक्ष बरं वाटायचं. आता नकोसं होतं. पण आधी बरं वाटलं म्हणजे दोष माझाच ना? ज्यांनी मला जगवलं त्यांच्यावर संशय घेणं पाप नाही का? शिबिराला जाऊ का?

ता. क. : माझ्याकडे हीलिंगला येणारा एक मुलगा रोज रात्री मेसेज करतो. मला छान वाटतं, पण बरोबर आहे का कळत नाही. आणि नवीन बॅचमध्ये पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला शिकणारी एक मुलगी आलीय. आता सर तिलाही मागं थांबवतात. परवा ती बाहेर येऊन मला म्हणाली, अक्का, रेकीत अंगावर काटा येतो का हो?

– एक अक्का

*

अगं बाळ,

हे उत्तर तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला पाठवलंय, सदरात नंतर येतंय. तू किंवा ती मुलगी ओळखू येईल असे तपशील मी बदललेत. बाकी शब्द तुझेच.

पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी अडकले. तू ती ताजा कलमात, मेसेज करणाऱ्या मुलाच्या मागोमाग, जाता जाता लिहिलीस. मी तिथूनच सुरू करणार आहे. तुझ्याकडे नंतर वळते, रागावू नकोस.

पीयूसीची मुलगी म्हणजे सोळा-सतरा वर्षांची. तिला रेकीची माहिती नको होती गं. काय झालं म्हणून कुणीतरी मोठ्या बाईनं आपल्याला विचारावं, एवढंच तिला हवं होतं. त्या वयात मुली असंच आडून बोलतात. शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तरी सरांचं नाव घेऊन बोलायचा धीर होत नाही. तिनं तुलाच विचारलं, कारण त्या दाराच्या आत तूही जातेस हे ती बघत आलीय.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यातली एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. लहान मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा तो होईल अशी ज्याला भीती वाटली, त्या प्रत्येकानं तो पोलिसांना कळवायचा असतो. आईबाप आणि शाळा यांच्यापुरती ही गोष्ट नाही. झालेला गुन्हा माहीत असून कळवला नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे इथं तुझ्या मनाची तयारी झाली की बघू, असं म्हणायला जागा नाही. तुझ्या स्वतःच्या बाबतीत काय करायचं ते तू ठरवशील, त्यावर मी पुढं बोलणार आहे. मुलीच्या बाबतीत ठरवायचं काही शिल्लक नाही, फक्त करायचं आहे.

आजच्या आज तिच्या आईला भेट. वर्गात नको, त्यांच्या घरी जा. मुलगी जे बोलली तेवढंच, तिच्याच शब्दांत सांग. आपल्या बाजूनं मीठ-मसाला घालू नकोस आणि मऊही करू नकोस. मुलीला खोदून खोदून विचारू नका, तुम्ही दोघींनीही. दहा जणांनी दहादा विचारलं की पोर घाबरते आणि गप्प होते. ती आपणहून बोलली तर ऐकून घ्या, तुझा काही दोष नाही म्हणून सांगा, आणि ती बोलली ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस चालू असतो. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही, ते पोलिसांचं. आणि हे सगळं होईपर्यंत सरांपुढं त्या मुलीचं नावही काढू नकोस. सरळ जाऊन त्यांना जाब विचारावासा वाटेल. विचारलास तर त्यांना सावध व्हायला आणि मुलीला गप्प करायला वेळ मिळेल.

आई सरांची भक्त निघाली तर? निघू शकते. २०१३ साली आसारामनं जोधपूरजवळच्या आश्रमात ज्या मुलीवर अत्याचार केला, तिचे आईवडील त्याचे पक्के भक्त होते. मुलीला बाधा झालीय असं सांगून त्यांनाच तिला घेऊन यायला लावलं होतं. पण पोरीनं तोंड उघडल्यावर ते तिच्या मागं उभे राहिले. तक्रार दिली दिल्लीत, तिथून ती जोधपूरला गेली, आणि २०१८ साली न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. या आईनं ऐकलंच नाही तरी तुझं कळवायचं काम सुटत नाही.

ही लांबची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही आपल्याला. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. केसात जट आली म्हणून यल्लम्माला मुलगी सोडणारी घरं काही वाईट माणसांची नव्हती. आपण देवीचं देणं फेडतोय असंच त्यांना वाटायचं. १९८२ साली कर्नाटकानं देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केला, तोवर किती पिढ्यांच्या मुली त्या भक्तीत गेल्या. देवाचं नाव निघालं की आपल्या घरातली शहाणी माणसंसुद्धा प्रश्न विचारायची थांबतात. माझी भीती तिथंच आहे.

आता तू.

आधी बरं वाटलं म्हणजे दोष माझाच ना, असं विचारतेस. नाही गं. दोन बाळं गेली तुझी. घरात आता त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसेल, होईल परत म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला असेल. अशा वेळी एक माणूस समोर बसला, तासभर ऐकत राहिला, म्हणाला की तुझं दुःख मला दिसतंय. बरं वाटणारच. कुणालाही वाटलं असतं. पण तुला हवं होतं ते लक्ष. हात तू मागितला नव्हतास. आणि हात आला तेव्हा तू अंग चोरलंस. तुझ्या मनाला कळायच्या आत अंगानं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते सरांना कळलं होतं. कळलं म्हणूनच तर ते वाक्य आलं.

शंका आली की ऊर्जा तुटते. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला. बघ काय होतं त्यानं. तू विचारलंस तर चूक तुझी, उपचाराचा गुण आला नाही तर शंका तुझी, रडू आलं तर जुनं दुःख तुझं. त्या खोलीत सरांची चूक व्हायला जागाच उरत नाही. डॉक्टरला विचारलं की ही गोळी कशाला, म्हणून गोळीचा गुण जातो का? शाळेत गणित अडलं म्हणून हात वर केला तर पाढे विसरतात का?

माझी आजी खानापूर तालुक्यातली. नजर उतरवायची, लहान पोरांचं पोट धरलं तर ओवा चोळायची, बायकांना धीर द्यायची. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. त्यानं खरंच काय व्हायचं यावर मी तिच्याशी पुष्कळ भांडलेय. पण ती हे सगळं सोप्यात बसून करायची. पुढचं दार सताड उघडं, येणारे जाणारे बघतायत, कुणी तिथंच शेंगा फोडत बसलेलं. नवी सून आली तर तिच्या सासूला किंवा जावेला जवळ बसवायची. मी एकदा विचारलं, आजी, लोकांसमोर कशाला? ती म्हणाली, एकटीला आत नेलं तर तिला माझी भीती वाटंल की गं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे कळत होतं. नारळ आणला तर घ्यायची, नाही आणला तर विचारायची नाही.

तुझ्या सरांना मी ओळखत नाही. म्हणून ते जे शिकवतात त्यातलंच धरून बोलूया.

दुसऱ्या पातळीत तुला चिन्हं दिली आणि दूरवर रेकी पाठवायला शिकवलं, खरं ना? पुण्यातल्या भावाला, दुबईतल्या नणंदेला, समुद्रापलीकडच्या माणसालासुद्धा इथं बसून रेकी पोहोचते असंच ती विद्या सांगते. मग एका खोलीत दोन हातांवर बसलेल्या बाईला ती पोहोचायला छातीवर हात ठेवावा का लागतो? पहिल्या पातळीतही हात अंगापासून थोडे वर धरून चालतात. कपडे सैल करायची गरज नाही, नाजूक जागी स्पर्शाची गरज नाही, आणि नको म्हटलं की हात काढायचा हा तर पहिला धडा असायला हवा. रेकीसारखंच प्राणिक हीलिंग करणारे तर हातच लावत नाहीत. आणखी एक सांगते. मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास जपानात ही पद्धत सुरू केली, तेव्हा तिच्यात चक्रं नव्हती. ती पुढं जोडली गेली. अनाहत बंद आहे म्हणून तिथंच हात ठेवायला हवा, हा काही उसुईंचा नियम नव्हे.

शक्ती परत जाईल म्हणतात, त्याचंही तसंच. रेकी शिकवणारे सांगत आलेत की एकदा दीक्षा मिळाली की ती आयुष्यभर राहते, ती काढून घेता येत नाही. तुझ्या पहिल्या वर्गाची वही काढून बघ, बहुतेक हेच लिहिलेलं असेल. मग सरांचं कुठलं खरं धरायचं, वर्गात सगळ्यांसमोर सांगितलेलं की दार लावल्यावर सांगितलेलं?

फी नको म्हणतात याची मला फीपेक्षा जास्त धास्ती वाटते. जपानबाहेर रेकी नेणाऱ्या हवाईच्या हवायो ताकाता मास्टर पातळीसाठी दहा हजार डॉलर घेत. १९८० साली त्या गेल्या तेव्हा त्यांनी तयार केलेले २२ मास्टर होते. एवढे पैसे घ्यावेत की नाही यावर वाद घालता येईल, पण आकडा उघड होता. देणाऱ्याला माहीत होतं आपण काय दिलं आणि कुठं संपलं. तू वेगळी आहेस म्हणून जे फुकट मिळतं, त्याची किंमत मागाहून ठरते, आणि तेव्हा ठरवणारे ते असतात.

रेकीनं रोग बरा होतो का, असं तू विचारलं नाहीस, तरी माझं मत लपवत नाही. रोग बरा होतो असा पक्का वैद्यकीय पुरावा नाही. पण रोज अर्धा तास स्वस्थ बसणं, श्वास संथ होणं, कुणीतरी आपलं ऐकणं, चार बायकांत मिसळणं, यानं दीड वर्ष न झोपलेल्या बाईला झोप लागली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुझी झोप खरी आहे. आणि ती मिळवताना तू पण कष्ट केलेस, रोज बसलीस, वर्ग चुकवला नाहीस. स्वतःला रेकी द्यायला पहिल्याच पातळीत शिकवतात, त्याला सर लागत नाहीत. देवघरापुढं बसून दे.

थायरॉईडची गोळी मात्र सोडायची नाही. सोडली असशील तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतली नाही ते खरं सांग. थायरॉईड बिघडला तरी झोप जाते, मन खचतं, आणि गर्भही राहत नाही कधी कधी. ज्या माणसानं कधी तुझा रक्ताचा रिपोर्ट बघितला नाही त्यानं गोळी सोड म्हणावं, ही एकच गोष्ट मला पुरेशी होती त्यांच्याबद्दल मत बनवायला.

आता तुझ्या मनावरचं खरं ओझं. ज्यांनी जगवलं त्यांच्यावर संशय घेणं पाप नाही का.

आपण गुरु मानणाऱ्या मुलखातली माणसं. बाळेकुंद्रीला पंत महाराजांच्या उत्सवाला आपली किती घरं जातात. पंत महाराज बेळगावात शाळेत शिकवायचे, बायको होती, संसार होता, आणि तरी एवढा मोठा संप्रदाय त्यांच्यामागं उभा राहिला. गुरु म्हटलं की डोकं टेकवायचं हे तुझ्या-माझ्या हाडात आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण ऋण कसलं, आणि ते किती, हे आपणही समजून घ्यायला हवं. तुकोबांनी आपल्या गुरूची गोष्ट स्वतःच सांगितलीय. गुरु भेटले ते स्वप्नात. डोक्यावर हात ठेवला, रामकृष्णहरी मंत्र दिला. मागितलं काय, तर जेवायला पावशेर तूप. तेही द्यायचं राहून गेलं, कारण स्वप्न होतं. एवढ्या मोठ्या माणसाचा गुरु पावशेर तूप न घेता गेला, आणि म्हणून काही मंत्र परत गेला नाही. तुझ्यावर सरांचे उपकार असतील तर ते वर्गाचे आहेत. त्याची फी तू भरलीस, वर पाच महिने बिनपगारी राबतेस. ते फिटलंय. आणि तुझं शरीर त्या हिशोबात कुठंच येत नाही, कधीच आलं नव्हतं.

तू होकार दिला असतास तरी मी हेच लिहिलं असतं. नाही म्हणालीस तर झोप जाईल, शक्ती जाईल, वर्गातली जागा जाईल, अक्का म्हणणारी माणसं जातील, असं तुला वाटतंय. एवढं सगळं अडकलेलं असताना बाईच्या तोंडून निघालेलं हो, हे हो धरता येत नाही. म्हणून मर्यादा सांभाळायची ती शिकवणाऱ्यानं. दोघांनी मिळून नव्हे. शिष्या स्वतःहून जवळ आली तरी मागं सरकायचं ते गुरूनं. फार जुनी गोष्ट आहे ही, ग्रीक वैद्यांच्या हिपोक्रेटसच्या शपथेतसुद्धा आहे: ज्या घरी उपचाराला जाईन तिथल्या बायका-पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणार नाही.

मागच्या जन्माचं ऐकून मला धक्का बसला नाही, कारण ही युक्ती इतकी जुनी आहे की ती कायद्यात लिहून ठेवावी लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रानं २०१३ साली केला, त्यांचा खून झाला त्याच वर्षी. आपल्यात विशेष शक्ती आहे असं भासवून, किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून शरीरसंबंध ठेवणं, हे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय. आंबोली सिंधुदुर्गात, म्हणजे तिथं हा कायदा लागू आहे. आपल्या कर्नाटकाचाही २०१७ चा असाच कायदा आहे, जानेवारी २०२० पासून लागू. आणि नको असताना छातीला, पोटाला हात लावणं हा तर साधा फौजदारी गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ आणि ७५ खाली. त्याला चक्राचं नाव दिलं म्हणून तो बदलत नाही.

तक्रार द्यायची की नाही हे तू ठरव. मी द्यावी असं म्हणेन, पण तुझ्या घरात राहायचं तुला आहे, मला नाही. द्यायची झाली तर गोष्ट इथली की आंबोलीची, कर्नाटकातली की महाराष्ट्रातली, यावरून कुणी परत पाठवू शकत नाही. कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर घ्यावाच लागतो, नंतर तो योग्य ठिकाणी पाठवतात. आपल्या सीमाभागात हे फार उपयोगाचं आहे. अशा तक्रारीत जबाब महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचा असतो. तो कन्नडमध्ये लिहिला तर वाचून, समजावून द्यायला सांग, कन्नड वाचता येणारी एखादी मैत्रीण बरोबर ने, आणि समजल्याशिवाय सही करू नकोस. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घे. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा फोन. तक्रार द्यायची नसली तरी सरांचे मेसेज पुसू नकोस. उद्या मन बदललं तर हाताशी असू देत.

मिस्टरांना सांग. त्यांची ऊर्जा खालची आहे म्हणे. दिवसभर भट्टीपुढं उभं राहून घामानं निथळत घरी येणाऱ्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं. तुझ्या पत्रात त्यांच्याविषयी एकही वाकडा शब्द नाही, म्हणून धीर करून म्हणते. दोन बाळं त्यांचीही गेलीत, बाळ. त्यांना कुणी समोर बसवून विचारलं नाही. जेवणं झाली की दोघंच बसा. पहिलं वाक्य जड जाईल, मग हे पत्रच त्यांच्या हातात दे. अगदीच भीती वाटत असेल, चिडतील, हात उगारतील असं वाटत असेल, तर आधी बहिणीला किंवा वहिनीला सांग आणि तिला बरोबर घे.

तो मेसेज करणारा मुलगा. तुला छान वाटतं हे तू लिहिलंस, त्याचं मला कौतुक आहे, कारण पुष्कळ जण ते लपवतात. दुःखातल्या माणसाला आपण बरं केलं की तो आपल्याकडे एका वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो. त्याला आई भेटल्यासारखी वाटते, मैत्रीण भेटल्यासारखी वाटते, कधी आणखी काही. ते तुझ्यावर नसतं, तू ज्या खुर्चीत बसलीस तिच्यावर असतं. तुझ्या सरांनाही पहिल्यांदा असंच छान वाटलं असेल. त्यांनी पुढं काय केलं ते तू भोगते आहेस. तू एवढंच कर, त्याला दिवसा, सरळ सांग की रात्री मेसेज करू नकोस, बोलायचं असेल ते भेटीच्या वेळी. एकट्याला हीलिंग देऊ नकोस, घरात आणखी कुणी असताना आणि दार उघडं असताना दे. आणि खरं सांगायचं तर काही महिने कुणालाच देऊ नकोस. तू स्वतः अजून सावरायची आहेस. त्याला सोबत हवी असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी फोनवर बोलायला सांग. झोप परत गेली तर तूही तोच नंबर फिरव, किंवा मनोविकार डॉक्टरांना दाखव.

आंबोलीला जायचं नाही. तीन दिवस, मुक्काम, पाऊस, धुकं, ओळखीचं कुणी नाही, आणि तुला वेगळी ठरवलेली. अधिकाराचा किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन आपल्या देखरेखीखालच्या बाईला शरीरसंबंधाला राजी करणं, हा बलात्कारात बसत नसला तरी न्याय संहितेच्या कलम ६८ खाली वेगळा गुन्हा आहे, किमान पाच वर्षांचा. पण कायदा नंतर येतो, तू आधी घरी राहा. सरांना कारण देत बसू नकोस, कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. मुलीचं कळवून झालं की मग एवढाच मेसेज पाठव: सर, मी शिबिराला येणार नाही. यापुढं वर्गालाही येणार नाही. मला फोन करू नये. फोन येईल, कदाचित वहिनींमार्फत निरोपही येईल. उचलू नकोस. वहिनींना मात्र एकदा घरी चहाला बोलाव. त्यांनाही वर्ग संपल्यावर कधी थांबवलं होतं का, ते तुला माहीत नाही.

पण हे सगळं उद्यापासून. आज संध्याकाळी मिस्टर आले की त्यांना बरोबर घेऊन किंवा एकटी, त्या मुलीच्या घरी जा. वर्ग पुन्हा कधी आहे ते तू लिहिलं नाहीस. तोवर हे व्हायला हवं. जाऊन आलीस की मला दोन ओळी लिही, कितीही रात्र झाली तरी.

तुझी,
मावशी